ड्रिफ्ट मोटारींचे पुढील कंट्रोल आर्म

कंट्रोल आर्म हा मोटारीची चॅसी आणि चाकाचा नकल यांना जोडणारा सस्पेन्शनमधील दुवा आहे. चाकाला वर-खाली हालू देणे, परंतु आत-बाहेर किंवा पुढे-मागे सरकू न देणे हे त्याचे मुख्य कार्य होय. ड्रिफ्टिंग या मोटार क्रीडाप्रकारात पुढची चाके सर्वसामान्य मोटारीपेक्षा पुष्कळ अधिक कोनात वळवावी लागतात. त्यामुळे कारखान्यातून आलेले आर्म या कामाला अपुरे पडतात आणि त्यांच्या जागी खास घडवलेले आर्म बसवले जातात. अशा आर्मचे आरेखन करताना चाकाची भूमिती, उपलब्ध जागा, आर्मवर येणारे भार आणि सांध्यांची हालचाल या चार बाबींचा एकत्रित विचार करावा लागतो. यांतील एक बाब सुधारली की बहुधा दुसरी बिघडते. म्हणून हे आरेखन मुळात तडजोडीचे असते.

पार्श्वभूमी

ड्रिफ्टिंगचा उगम जपानमध्ये झाला. १९७० च्या दशकात शर्यतपटू कुनिमित्सु ताकाहाशी यांनी वळणावर मोटार मुद्दाम घसरवत नेण्याची शैली रूढ केली. पुढे केइइची त्सुचिया यांनी ती डोंगरी रस्त्यांवर विकसित केली व लोकप्रिय केली. २००० च्या सुमारास जपानमध्ये डी१ ग्रां प्री ही व्यावसायिक स्पर्धा आकारास आली, तर अमेरिकेत २००४ मध्ये फॉर्म्युला ड्रिफ्ट ही मालिका सुरू झाली. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (एफआयए) तोक्यो येथे पहिली आंतरखंडीय ड्रिफ्टिंग कप स्पर्धा भरवली.

या खेळात टोयोटा कोरोला एई८६, निसान सिल्व्हियाच्या एस१३, एस१४ व एस१५ या पिढ्या आणि बीएमडब्ल्यू ई३६ व ई४६ या मोटारी विशेष वापरल्या गेल्या. या सर्वांत इंजिन पुढे असते, मागची चाके चालतात आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचे सस्पेन्शन असते. स्पर्धा जसजशी चुरशीची होत गेली, तसतसा स्टिअरिंगचा कोन वाढवणाऱ्या भागांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. एस्टोनियातील वाइजफॅब ही या क्षेत्रातील एक परिचित कंपनी आहे. तयार संच उपलब्ध असले, तरी मोटारीची उंची, चाकांचे माप किंवा इंजिनाची मांडणी बदललेली असल्यास अनेक संघ स्वतःचे आर्म स्वतः आरेखित करतात.

मूळ रचना

मॅकफर्सन स्ट्रट ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात स्प्रिंग व धक्काशोषक एकाच उभ्या खांबात, म्हणजे स्ट्रटमध्ये, सामावलेले असतात. स्ट्रटचे वरचे टोक मोटारीच्या सांगाड्याला व खालचे टोक नकलला जोडलेले असते. नकलचा खालचा भाग बॉल जॉइंटद्वारे कंट्रोल आर्मवर टेकतो. वरचा आर्म या रचनेत नसतो. वरच्या माउंटपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत जाणारी काल्पनिक रेषा हाच चाक वळण्याचा अक्ष असतो.

निसान एस१३ मध्ये खालचा आर्म आडवा असून तो केवळ आत-बाहेरचे बल पेलतो. त्याच्या बाहेरच्या टोकाजवळून एक तिरपा दांडा पुढे चॅसीकडे जातो. ब्रेक लावल्यावर चाक मागे जाऊ पाहते, तेव्हा हा दांडा ताणला जातो. म्हणून त्याला टेन्शन रॉड म्हणतात. बीएमडब्ल्यू ई३६ मध्ये ही दोन्ही कामे एकच वक्र आर्म करतो. आडवा आर्म आणि टेन्शन रॉड वेगळे असले, तर आर्मची लांबी बदलून चाकाचा आडवा कल आणि रॉडची लांबी बदलून कॅस्टर बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे जुळवता येतो. खास आरेखित आर्मसाठी ही मांडणी सोयीची ठरते.

ड्रिफ्टमध्ये चाकांची स्थिती

सामान्य वळण आणि ड्रिफ्ट यांतील फरक समजल्याशिवाय आर्मचे आरेखन समजत नाही. डाव्या वळणावर ड्रिफ्ट करणाऱ्या मोटारीचे उदाहरण घेता येईल. तिचे नाक डावीकडे वळणाच्या आत रोखलेले असते, मागचा भाग उजवीकडे घसरत असतो आणि चालकाने पुढची चाके उजवीकडे वळवलेली असतात. वळणामुळे मोटारीचा भार मात्र उजव्या बाजूवर गेलेला असतो.

म्हणजे स्टिअरिंगच्या हिशेबाने उजवे चाक हे आतले चाक असते, पण भाराच्या हिशेबाने तेच बाहेरचे चाक असते. सामान्य वळणात हा विरोधाभास नसतो. तेथे बाहेरचे चाकच भारित असते. रस्त्यावरील मोटारीची भूमिती या सामान्य वळणासाठी आखलेली असल्यामुळे ड्रिफ्टमध्ये तिचे काही गुण दोष बनतात.

ॲकरमन भूमिती हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जर्मन गाडीनिर्माते गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांच्या या कल्पनेचे एकस्व रुडॉल्फ ॲकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. तिच्यानुसार आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळते, कारण ते लहान त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते. ड्रिफ्टमध्ये चाके उजवीकडे वळलेली असूनही मोटारीचा मार्ग डावीकडे वळत असतो. त्यामुळे या भूमितीने गृहीत धरलेले वर्तुळाचे केंद्र खऱ्या केंद्राच्या विरुद्ध बाजूस पडते. दोन्ही चाकांच्या कोनांत मोठा फरक राहिला, तर एक चाक फरफटत जाते व मोटारीचा वेग खाते. म्हणून ड्रिफ्ट मोटारीत मोठ्या कोनात चाके जवळजवळ समांतर राहतील अशी रचना पसंत केली जाते.

भूमितीचे आरेखन

आर्मची लांबी

आर्म लांब केल्यास नकलचा खालचा भाग बाहेर सरकतो. वरचे माउंट जागीच असल्यामुळे चाकाचा माथा त्या मानाने आत झुकतो. या कलाला ऋण कॅम्बर म्हणतात. वरच्या माउंटपासून बॉल जॉइंटपर्यंतचे अंतर ६०० मिमी धरल्यास आर्म २० मिमीने लांब केल्यावर कॅम्बरमध्ये सुमारे १.९ अंशांचा फरक पडतो. याच प्रमाणात १ मिमीची चूक सुमारे ०.१ अंशाची ठरते. त्यामुळे डावा व उजवा आर्म घडवताना अचूकतेला महत्त्व असते.

लांब आर्ममुळे दोन चाकांमधील अंतर वाढते. त्याने वळणावरील भारबदल कमी होतो आणि पूर्ण कोनात चाकाला आतल्या बाजूस अधिक जागा मिळते. मात्र नकल व स्ट्रट यांमधील कोन ठरलेला असल्यामुळे कॅम्बर जितका ऋण होतो, तितकाच वळणाच्या अक्षाचा आडवा कल, म्हणजे किंगपिन कल, वाढतो. हा वाढलेला कल पुढे मोठ्या कोनात त्रासदायक ठरतो.

कॅस्टर आणि कॅम्बर यांचा मेळ

वळणाच्या अक्षाचा माथा मागे झुकलेला असण्याला धन कॅस्टर म्हणतात. त्यामुळे चाके मोटारीच्या प्रवासाच्या दिशेला आपोआप वळू पाहतात. ड्रिफ्टच्या प्रारंभी चालक स्टिअरिंग क्षणभर मोकळे सोडतो, तेव्हा चाके स्वतःहून उलट बाजूस फिरतात ती मुख्यतः यामुळेच. म्हणून ड्रिफ्ट मोटारीत पुरेसा कॅस्टर आवश्यक मानला जातो.

या लाभाची किंमत कॅम्बरमध्ये मोजावी लागते. कॅस्टरमुळे स्टिअरिंगच्या हिशेबातील आतल्या चाकाचा माथा बाहेर झुकतो आणि बाहेरच्या चाकाचा आत झुकतो. किंगपिन कलामुळे दोन्ही चाकांचे माथे बाहेर झुकतात. ढोबळ हिशेबाने पहिला परिणाम कॅस्टर गुणिले वळणकोनाची ज्या (साइन) इतका, तर दुसरा किंगपिन कल गुणिले एक उणे वळणकोनाची कोज्या (कोसाइन) इतका असतो.

समजा, कॅस्टर ६ अंश, किंगपिन कल १३ अंश, सरळ स्थितीतील कॅम्बर उणे ५ अंश आणि वळणकोन ४५ अंश आहे. कॅस्टरमुळे सुमारे ४.२ अंश व किंगपिन कलामुळे सुमारे ३.८ अंश बदल होतो. भारित चाक आतले असल्यामुळे दोन्ही बदल त्याच्या बाबतीत एकाच दिशेने जमा होतात आणि त्याचा कॅम्बर उणे ५ वरून अधिक ३ अंशांवर जातो. दुसऱ्या चाकात हे बदल जवळजवळ एकमेकांना छेदतात व त्याचा कॅम्बर या उदाहरणात उणे ५.४ अंशांवर राहतो. ज्या चाकावर सर्वाधिक भार आहे तेच टायरच्या बाहेरच्या कडेवर उभे राहते. सरळ उभ्या ड्रिफ्ट मोटारीची पुढची चाके डोळ्यांना खटकतील इतकी आत झुकलेली दिसतात, त्याचे कारण हेच आहे. कॅस्टर वाढवून स्टिअरिंग जलद करावे की कमी ठेवून पकड राखावी, हा निर्णय आरेखकाला टायरची रुंदी, वळणकोन आणि चालकाची शैली पाहून घ्यावा लागतो.

रोल सेंटर

मोटार ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. स्ट्रट रचनेत ते काढण्यासाठी वरच्या माउंटमधून स्ट्रटला लंब रेषा काढतात आणि खालच्या आर्मची रेषा आत वाढवून दोन्हींचा छेदनबिंदू मिळवतात. चाक जमिनीला टेकते त्या बिंदूपासून या छेदनबिंदूकडे जाणारी रेषा मोटारीच्या मध्यरेषेला जेथे छेदते, तेथे रोल सेंटर असते.

मोटार खाली बसवली की आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकाच्या तुलनेत वर जाते. त्यामुळे रोल सेंटर मोटारीच्या सांगाड्यापेक्षाही अधिक खाली उतरते आणि मोटार वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू लागते. केवळ कडक स्प्रिंग बसवून हा दोष झाकला जातो, दूर होत नाही. योग्य उपाय म्हणजे लांब पिनचा बॉल जॉइंट वापरून किंवा नकलवरील जोडबिंदू खाली घेऊन आर्म पुन्हा आडवा करणे. असे केल्यास टाय रॉडचे बाहेरचे टोकही त्याच प्रमाणात खाली घ्यावे लागते.

स्टिअरिंगशी संबंध

चाक वर-खाली होताना टाय रॉड आणि आर्म यांची टोके वेगवेगळ्या वर्तुळांवर फिरली, तर स्टिअरिंग न हलवताही चाक वळते. या दोषाला बंप स्टिअर म्हणतात. तो टाळण्यासाठी टाय रॉडची रेषाही आर्म व स्ट्रट यांच्या छेदनबिंदूकडे जाईल अशी मांडणी करतात. आर्म लांब केला आणि टाय रॉड नुसताच बाहेरून वाढवला, तर सरळ स्थितीतील दिशा बरोबर दिसते, पण हालचालीत चूक राहू शकते.

वळणकोन वाढवण्याचे काम मुख्यतः नकलच्या स्टिअरिंग आर्मने होते. रॅक एका बाजूला ७० मिमी सरकतो असे धरल्यास १३० मिमी लांबीच्या स्टिअरिंग आर्मने सुमारे ३३ अंश, तर ८५ मिमी लांबीच्या आर्मने सुमारे ५५ अंश कोन मिळतो. अर्थात त्याच प्रमाणात स्टिअरिंग जड होते. कोन फार वाढल्यास टाय रॉड व स्टिअरिंग आर्म एका रेषेत येतात आणि चाक त्या स्थितीत अडकू शकते. चालू ड्रिफ्टमध्ये असे झाल्यास मोटार सावरता येत नाही. म्हणून रॅकला ठरावीक मर्यादेवर थांबवणारे अटकाव बसवणे हा आरेखनाचा अविभाज्य भाग मानला जातो.

चाकासाठी जागा

६० अंशांच्या आसपास वळलेले चाक सांगाड्याचे पट्टे, आतले मडगार्ड, स्टॅबिलायझर बार, टेन्शन रॉड किंवा खुद्द कंट्रोल आर्म यांपैकी कशालाही घासू शकते. टेन्शन रॉड पुढे जाणाऱ्या मोटारीत उजवीकडे चाके वळवल्यावर डाव्या चाकाची पुढची कड रॉडवर येते. यावर आर्म बाहेरच्या टोकाशी अरुंद करणे, त्याला खोलगट आकार देणे किंवा रॉड वाकवणे असे उपाय केले जातात. यांतील शेवटचा उपाय दिसायला सर्वांत सोपा असला, तरी मजबुतीच्या दृष्टीने सर्वांत महागडा असतो.

भार आणि मजबुती

भारित पुढच्या चाकावर ४५० किलोग्रॅम वजन येते व टायरचा घर्षणगुणांक १ आहे असे धरल्यास ब्रेक लावताना जमिनीशी सुमारे ४,४०० न्यूटन बल निर्माण होते. बॉल जॉइंट जमिनीपासून २०० मिमी व वरचे माउंट ८०० मिमी उंचीवर असेल, तर तरफेच्या नियमाने बॉल जॉइंटवरील बल सुमारे ५,९०० न्यूटन होते. टेन्शन रॉड मोटारीच्या लांबीशी ४५ अंशांत असल्यास त्यातील ताण सुमारे ८,३०० न्यूटनपर्यंत पोहोचतो. खड्डे व कडा लक्षात घेऊन नेहमीच्या वापरासाठी तो १०,००० न्यूटन धरणे रास्त ठरते. भिंतीला किंवा कठड्याला धडक बसल्यास याच्या अनेक पट बल येते.

बाहेरचा व्यास २५ मिमी व जाडी ३ मिमी असलेली सरळ पोलादी नळी हा ताण सहज पेलते. तिच्यातील प्रतिबल केवळ ४८ मेगापास्कल असते. तीच नळी चाकाला जागा देण्यासाठी मध्ये ४० मिमी बाक देऊन वापरली, तर त्याच बलाने नळीवर ४०० न्यूटन-मीटर नमन आघूर्ण येते आणि एकूण प्रतिबल सुमारे ४४० मेगापास्कलवर जाते. साधे मृदू पोलाद सुमारे २५० मेगापास्कलला कायमचे वाकू लागते. म्हणजे सरळ असताना पाचपट सुरक्षित असलेला दांडा केवळ बाक दिल्याने पहिल्याच जोरदार ब्रेकला निकामी होऊ शकतो. ३२ मिमी व्यासाची व ४ मिमी जाडीची नळी वापरल्यास प्रतिबल सुमारे २१० मेगापास्कलपर्यंत उतरते, परंतु वजन ७० टक्क्यांनी वाढते. बाक निम्मा करता आला, तर तो उपाय अधिक स्वस्त पडतो. त्यामुळे नळीची जाडी ठरवण्यापूर्वी बलाचा मार्ग शक्य तितका सरळ ठेवणे हे आरेखकाचे पहिले काम असते.

साहित्य आणि सांधे

आर्मसाठी शिवणविरहित पोलादी नळी किंवा ४१३० या प्रतीचे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रपोलाद वापरले जाते. मिश्रपोलाद अधिक बळकट असले, तरी ताठपणाच्या बाबतीत ते साध्या पोलादाइतकेच असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारील धातूचे गुणधर्म बदलतात आणि तडे बहुधा तेथूनच सुरू होतात. यासाठी सर्वाधिक प्रतिबलाच्या जागी आडवा जोड येऊ न देण्याची काळजी घेतली जाते.

कारखान्यातील रबरी बुश कंपने शोषतात, पण भाराखाली दबतात व ठरवलेली भूमिती बदलतात. पॉलियुरेथेनचे बुश कमी दबतात. स्पर्धेच्या मोटारीत गोलाकार बेअरिंग किंवा आटे असलेले रॉड एंड वापरले जातात. ते अचूक असतात, मात्र धूळ व पाण्याने लवकर झिजतात आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का चॅसीपर्यंत पोहोचवतात. रॉड एंड ताण व दाब पेलण्यासाठी असतो; त्याच्या आट्यांच्या दांड्यावर वाकवणारे बल आल्यास तो मुळाशी तुटतो. याच कारणामुळे तो बॉल जॉइंटच्या जागी बसवताना विशेष सावधगिरी लागते.

जुळवणीसाठी एका टोकाला उजवे व दुसऱ्या टोकाला डावे आटे ठेवले, तर आर्म न काढता त्याची लांबी बदलता येते. १.५ मिमी अंतराच्या आट्यांवर एक पूर्ण फेरा दिल्यास लांबी ३ मिमीने बदलते. आटे व्यासाच्या किमान दीडपट आत असावेत असा संकेत आहे; म्हणजे १६ मिमी व्यासासाठी २४ मिमी. ते तपासता यावे म्हणून नळीला लहान छिद्र ठेवतात. बोल्ट दोन्ही बाजूंनी आधारलेला असावा आणि बेअरिंगचा गोळा निसटल्यास आर्म सुटून जाऊ नये म्हणून दोन्हीकडे मोठ्या व्यासाचे वॉशर असावेत, हीही रूढ पद्धत आहे.

आरेखनाचा क्रम

प्रथम मोटार समतल जमिनीवर ठेवून चॅसी व नकलवरील सर्व जोडबिंदूंची स्थाने मोजली जातात. या मोजमापांवरून संगणकावर प्रतिकृती तयार करून चाकाची वर-खाली हालचाल व पूर्ण वळणकोन यांच्या सर्व जोड्या तपासल्या जातात. कारण चाक एका स्थितीत मोकळे फिरले, तरी पूर्ण दबलेल्या स्थितीत ते घासू शकते.

यानंतर लांबी बदलता येणारा तात्पुरता आर्म बसवून प्रत्यक्ष मोटारीवर पडताळणी होते. स्प्रिंग काढून चाक १० मिमीच्या टप्प्यांनी उचलले जाते आणि प्रत्येक टप्प्याला चाकाची दिशा, कॅम्बर व सांध्यांचा कोन नोंदवला जातो. कोणताही गोलाकार सांधा आपल्या हालचालीच्या मर्यादेला टेकता कामा नये; टेकल्यास तो सांधा न राहता तरफ बनतो व स्वतःला किंवा आर्मला तोडतो. मापे निश्चित झाल्यावर भक्कम साच्यात नळ्या व कान आवळून वेल्डिंग केले जाते, कारण थंड होताना धातू आकसतो आणि साच्याशिवाय दोन्ही बाजूंचे आर्म सारखे होत नाहीत.

बिघाड आणि तपासणी

ड्रिफ्टिंगमध्ये धडका नित्याच्या असल्यामुळे आर्म कधीही वाकणार नाही असा बनवणे हे नेहमीच उद्दिष्ट नसते. अतिभक्कम आर्म धडकेचे बल पुढे चॅसीच्या जोडबिंदूंकडे पाठवतो आणि बदलता येणारा भाग शाबूत राहून न बदलता येणारा भाग निकामी होतो. म्हणून आर्म प्रथम वाकावा, पण तुटू नये, अशी अपेक्षा ठेवली जाते. वाकलेल्या आर्मने मोटार हळू थांबवता येते; तुटलेल्या आर्मने चाकावरील ताबाच जातो.

प्रत्येक सत्रानंतर जोडांवरील तडे, सैल झालेले लॉक नट व सांध्यांतील खेळ तपासला जातो. सूक्ष्म तडे शोधण्यासाठी रंगीत द्रव भेदन चाचणी उपयोगी पडते. वाकलेला आर्म सरळ करून पुन्हा वापरणे असुरक्षित समजले जाते, कारण वरून न दिसणारी इजा धातूत राहून गेलेली असते.

रस्त्यावरील वापर

असे आर्म बंदिस्त मैदानातील वापरासाठी असतात. मोठा ऋण कॅम्बर सरळ ब्रेक लावताना पकड कमी करतो व टायर आतल्या कडेने झिजवतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून वेगळे ठरतील असे फेरफार वाहनात करण्यास बंदी आहे. स्पर्धांमध्येही चॅसीवरील जोडबिंदू किती हलवता येतात यावर नियमावलीनुसार बंधने असतात. त्यामुळे आरेखनास प्रारंभ करण्यापूर्वी संबंधित नियम पाहिले जातात.